प्रीएक्लॅम्पसियाची रक्तचाचणी : भिगवणपासून पुण्यापर्यंत

(भिगवण येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे मुद्रित रूप)

गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यानंतर, पूर्वी जिचा रक्तदाब नेहमीसारखा होता अशा स्त्रीचा रक्तदाब चार तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजण्यांत १४०/९० किंवा त्याहून वर आढळला आणि त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्तातील प्लेटलेट्स यांपैकी कशावर तरी आजाराचा परिणाम दिसू लागला, तर त्या अवस्थेला वैद्यकशास्त्रात प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. आणि आजार बळावून तिला झटके येऊ लागले की त्याच अवस्थेचे नाव एक्लॅम्पसिया होते. जगभरातील गरोदर स्त्रियांपैकी साधारणपणे दोन ते आठ टक्के स्त्रियांना हा आजार गाठतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानुसार मातामृत्यूंपैकी सुमारे सहावा ते सातवा हिस्सा गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकारांमुळे होतो. महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण २०१८ ते २०२० या काळाच्या नमुना नोंदणी पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतके खाली आले होते, तर त्याच काळात देशाचे प्रमाण ९७ होते. दवाखान्यातील बाळंतपणे वाढली आणि रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांवर ताबा मिळत गेला, की उरलेल्या मृत्यूंमध्ये रक्तदाबाचा वाटा अधिक डोळ्यांत भरणे स्वाभाविक आहे.

या आजाराची अडचण अशी, की तो बराच काळ दुखत नाही. पायावर सूज आली तर दिवस भरत आल्याचे लक्षण म्हणून तिच्याकडे पाहिले जाते, डोके दुखले तर उन्हाला किंवा जागरणाला दोष दिला जातो, आणि छातीच्या खाली, बरगडीशी कळ आली तर ती पित्ताच्या खाती जमा होते, वस्तुतः ती यकृताला आलेल्या सुजेची कळ असू शकते. डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत अनेक घरांत काही बिघडल्याची जाणीवच होत नाही. म्हणून, आजार अंगावर दिसण्यापूर्वी किंवा निदान तो धोकादायक वळण घेण्यापूर्वी रक्तातून त्याची चाहूल लागू शकते का, हा प्रश्न प्रसूतिशास्त्राने शंभराहून अधिक वर्षे धरून ठेवला होता, आणि त्याचे बऱ्यापैकी उत्तर गेल्या वीस-बावीस वर्षांत मिळाले आहे. ते उत्तर भिगवणसारख्या गावाच्या कितपत उपयोगी पडते, याचा विचार मात्र अजून पुरेसा झालेला नाही. पुणे-सोलापूर महामार्गावर, उजनी धरणाच्या पाणफुगवट्याच्या काठी वसलेल्या या गावापासून बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पंचवीस-तीस किलोमीटरवर आणि पुण्यातील मोठी रुग्णालये शंभर किलोमीटरच्या आसपास आहेत, आणि पुढे मांडलेल्या सगळ्या विवेचनात ही दोन अंतरे प्रयोगशाळेइतकीच महत्त्वाची ठरतात.

रक्तदाब वाढणे हा या आजाराचा परिणाम आहे. त्याचे मूळ वारेत आहे. याचा जुना आणि निर्णायक पुरावा असा, की द्राक्षगर्भ नावाच्या विकृतीत गर्भाशयात बहुधा गर्भ नसतोच, केवळ वारेच्या ऊतींचे द्राक्षांसारखे घोस वाढतात, आणि तरीही अशा स्त्रीला प्रीएक्लॅम्पसिया होऊ शकतो. शिवाय वार शरीराबाहेर पडल्याखेरीज आजार हटत नाही, हा अनुभव तर प्रत्येक प्रसूतिगृहाचा आहे. निरोगी गरोदरपणात पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून तेथील नागमोडी रोहिणींपर्यंत पोचतात, त्यांच्या भिंतींतील स्नायूंचा थर विरघळवतात आणि अरुंद, आकुंचन पावणाऱ्या त्या वाहिन्यांना रुंद व सैल करून टाकतात, जणू शेतातल्या चारीचा कालवा व्हावा. दिवस भरत येईपर्यंत या वाटेने दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त गर्भाशयाकडे वाहत असते. काही स्त्रियांमध्ये हे रुंदीकरण अर्धवट राहते. वारेला रक्त कमी आणि धक्क्याधक्क्याने मिळते, तिच्यावर प्राणवायूच्या कमतरतेचा ताण येतो, आणि ताणात सापडलेली वार आईच्या रक्तात असे काही पदार्थ सोडू लागते की त्यांचा परिणाम आईच्या सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांवर होतो. आजार लक्षात येतो सातव्या-आठव्या महिन्यात, पण त्याची पायाभरणी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात झालेली असते. रक्तचाचणीची सगळी शक्यता या मधल्या काळात दडलेली आहे.

वार सोडते ते पदार्थ कोणते, हे कळेपर्यंत निदान लघवीवर आणि दंडावर अवलंबून होते. झटके येणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन असते, हे लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील जॉन लिव्हर यांनी १८४३ मध्ये दाखवले, तर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये पुढे आणले. परीक्षानळीत लघवी तापवून ती गढूळ होते का हे पाहण्याची रीत आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्रांत अनेक वर्षे चालली आणि आता तिची जागा रंग बदलणाऱ्या पट्टीने घेतली आहे. रक्ताच्या जुन्या चाचण्याही निरुपयोगी नाहीत: प्लेटलेट्सची संख्या, क्रिएटिनिन, यकृताची एसजीओटी व एसजीपीटी ही विकरे, एलडीएच आणि युरिक ॲसिड या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी होतात आणि आजार कितपत पसरला आहे हे त्यांतून कळते. रक्तपेशी फुटणे, यकृताची विकरे वाढणे आणि प्लेटलेट्स उतरणे हे तीन बिघाड एकत्र आले, तर त्या गंभीर अवस्थेला १९८२ पासून हेल्प सिंड्रोम म्हणतात. पुढे २०११ मध्ये मांडल्या गेलेल्या फुलपियर्स या गणितात गरोदरपणाचे आठवडे, छातीतले दुखणे किंवा धाप, बोटावरच्या यंत्राने मोजलेला प्राणवायू, प्लेटलेट्स, क्रिएटिनिन आणि यकृताचे विकर एवढ्या साध्या माहितीवरून येत्या दोन दिवसांतील धोक्याचा अंदाज बांधता येऊ लागला. नव्या चाचणीच्या कौतुकात या स्वस्त तपासण्या मागे पडू नयेत, कारण आजार झाल्यावर आई किती संकटात आहे हे आजही मुख्यतः त्याच सांगतात. आजार होणार आहे का, हे मात्र त्या सांगू शकत नाहीत.

ती उणीव भरून निघण्याची सुरुवात २००३ मध्ये झाली. अमेरिकेत बॉस्टन येथे काम करणारे भारतीय वंशाचे मूत्रपिंडतज्ज्ञ अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकारी शॅरन मेनार्ड यांनी प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांच्या वारेत कोणती जनुके अधिक काम करतात हे तपासले, तेव्हा एस-एफएलटी-१ नावाचे एक प्रथिन त्यांना विलक्षण प्रमाणात वाढलेले आढळले. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर धडधाकट राहावे यासाठी शरीरात व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ ही दोन वाढीची प्रथिने फिरत असतात, त्यांपैकी दुसरे गरोदरपणात प्रामुख्याने वारेतूनच येते. अस्तराच्या पेशींवर या प्रथिनांना धरणारे ग्राही असतात, आणि एस-एफएलटी-१ हा अशाच एका ग्राहीचा, पेशीवर न बसता रक्तात तरंगणारा तुकडा असतो, जो ही उपकारक प्रथिने पेशीपर्यंत पोचण्याआधीच पकडून ठेवतो. मग अस्तर कमकुवत होते, वाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिने निसटू लागतात. हे प्रथिन गाभण उंदरांच्या शरीरात वाढवले असता त्यांच्यात रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि मूत्रपिंडातील तोच विशिष्ट बदल दिसला. कर्करोगावरील काही औषधे व्हीईजीएफला अडवतात आणि ती घेणाऱ्या रुग्णांचाही रक्तदाब वाढून लघवीत प्रथिने येतात, या स्वतंत्र निरीक्षणाने त्या निष्कर्षाला आणखी बळ दिले.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, रिचर्ड लेव्हिन यांच्या नेतृत्वाखालील गटाने जुन्या एका कॅल्शियमच्या अभ्यासासाठी साठवून ठेवलेले रक्तनमुने पुन्हा तपासले आणि असे दाखवले, की आजार अंगावर दिसण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीपासून रक्तातील एस-एफएलटी-१ चढू लागते, आणि पीएलजीएफ तर त्याच्याही पुष्कळ आधी, चौथ्या महिन्याच्या सुमारास, इतर स्त्रियांपेक्षा कमी असते. एक चढते आणि दुसरे उतरते, त्यामुळे दोन्हींचे गुणोत्तर काढले की फरक अधिक ठळक होतो. रक्तचाचणी म्हणून आज जिची चर्चा होते ती मुख्यतः या गुणोत्तराची, किंवा काही ठिकाणी केवळ पीएलजीएफची.

पुणे जिल्ह्याचा या संशोधनाशी थेट संबंध आहे, ही गोष्ट येथे आवर्जून सांगण्यासारखी आहे. भारती विद्यापीठाच्या इर्षा या पुण्यातील संशोधन संस्थेत डॉ. साधना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांच्या रक्तातील आणि वारेतील याच प्रथिनांचा दीर्घकाळ अभ्यास केला असून, २०१० मध्ये त्यांनी या प्रथिनांचा आणि बाळाच्या जन्मावेळच्या स्थितीचा संबंध तपासणारे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फोलेट, बी-१२ जीवनसत्त्व, होमोसिस्टीन आणि ओमेगा-३ स्निग्धाम्ले यांच्या चयापचयातील बिघाड वारेच्या रक्तवाहिन्यांच्या वाढीपर्यंत कसा पोचतो, हा या गटाचा खास विषय आहे. रिव्हॅम्प या नावाने त्यांनी हाती घेतलेल्या पाहणीत गरोदर स्त्रियांचे रक्त तिसऱ्या महिन्यापासून प्रसूतीपर्यंत चार टप्प्यांवर घेतले जाते, म्हणजे आजार झाल्यावर मागे वळून पाहण्याऐवजी त्याचा माग आधीपासून काढता येतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या मातृपोषणाच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत बी-१२ ची कमतरता आढळली होती, हे लक्षात घेता या जिल्ह्यातील वारेचा अभ्यास परदेशातील आकड्यांवर सोडून देणे बरोबर ठरले नसते. ओमेगा-३ चा उल्लेख आला म्हणून भिगवणच्या मासळी बाजारातला उजनीचा मासा खाल्ला की आजार टळतो, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. आहारातील एखादा पदार्थ आणि वारेतील बिघाड यांच्यामधली साखळी त्याहून पुष्कळ लांब आणि गुंतागुंतीची आहे.

आता चाचणीच्या आकड्यांकडे वळले पाहिजे, कारण गैरसमज तेथेच होतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉग्नोसिस या अनेक देशांतील अभ्यासात, चोवीस ते सदतीस आठवड्यांच्या ज्या गरोदर स्त्रियांबद्दल डॉक्टरांना या आजाराचा संशय होता पण निदान झालेले नव्हते, अशा स्त्रियांचे गुणोत्तर तपासले गेले. गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल तर पुढच्या एका आठवड्यात आजार होणार नाही, हे भाकीत ९९.३ टक्के स्त्रियांच्या बाबतीत खरे ठरले. याउलट गुणोत्तर ३८ च्या वर असलेल्या स्त्रियांपैकी पुढच्या चार आठवड्यांत प्रत्यक्ष आजार झाला तो ३६.७ टक्क्यांना, म्हणजे ज्यांना धोक्याची सूचना मिळाली त्यांतल्या बहुसंख्य स्त्रियांना त्या मुदतीत काही झाले नाही. म्हणून या चाचणीचा नकार विश्वासार्ह आहे आणि होकार हा बारकाईची देखरेख सुरू करण्यापुरता इशारा आहे. ज्यांच्याबद्दल काहीच संशय नाही अशा सगळ्या गरोदर स्त्रियांची ही चाचणी सरसकट केली, तर आजाराचे प्रमाण मुळात कमी असल्यामुळे खोट्या इशाऱ्यांचा वाटा आणखी वाढतो आणि घरोघरी अकारण घबराट पसरते. खासगी प्रयोगशाळांच्या जाहिराती ही गोष्ट सांगत नाहीत. यंत्र बदलले की सीमारेषाही बदलते, हेही विसरून चालत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये ज्या चाचणीला परवानगी दिली तिची सीमा ४० आहे आणि ती रुग्णालयात दाखल असलेल्या, तेवीस ते जवळपास पस्तीस आठवड्यांच्या, रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांपुरतीच आहे. तिच्याआधारे पुढच्या दोन आठवड्यांत आजार गंभीर रूप घेईल का हे सांगितले जाते. पुण्यातील एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळवून पाहणाऱ्या नातेवाइकांना हा फरक समजावून सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांवर येते.

चाचणी झाल्याने माता आणि बाळ यांचे प्रत्यक्ष भले होते का, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सरळ नाही. इंग्लंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पॅरट या चाचणीप्रयोगात पीएलजीएफचा निकाल डॉक्टरांना कळवला गेला तेव्हा निदानाला लागणारा काळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला आणि मातांमधील गंभीर गुंतागुंतही कमी झाली, तर दोन वर्षांनी आयर्लंडमधील सात रुग्णालयांत तशाच प्रयोगात लक्षणीय फायदा दिसला नाही. चाचणी कोणत्या व्यवस्थेत रोवली जाते यावर तिचे फळ अवलंबून असते, एवढे या दोन निकालांवरून निश्चित म्हणता येते. आणि यंत्रणेचा हा धागा धरूनच भिगवणकडे यावे लागते.

या परिसरातील उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात एखाद्या तीस आठवड्यांच्या गरोदर स्त्रीचा रक्तदाब १४२/९२ भरला, लघवीची पट्टी किंचित हिरवी झाली, तर नर्सबाईंपुढे आणि डॉक्टरांपुढे आज दोनच वाटा असतात: तिला बारामतीला किंवा थेट पुण्याला पाठवणे, अथवा दोन दिवसांनी पुन्हा बोलावणे. पहिल्या वाटेत एका दिवसाची मजुरी, सोबतीला येणाऱ्याची मजुरी, एसटीचे किंवा गाडीचे भाडे आणि मोठ्या रुग्णालयात कदाचित आठवडाभराचा मुक्काम असतो. दुसऱ्या वाटेत जोखीम असते. ज्या चाचणीचा नकार ९९ टक्क्यांहून अधिक खरा ठरतो, ती अशा जागी खर्च वाढवणारी नसून खर्च आणि भीती दोन्ही वाचवणारी ठरू शकते, कारण जिला पुढचा आठवडा घरी निर्धास्त राहता येईल ती कोण हे तिच्यामुळे कळते आणि रुग्णवाहिका व खाट खरोखर गरज असलेल्या स्त्रीसाठी मोकळी राहते. असे असले तरी ही चाचणी प्रत्येक आरोग्य केंद्रात पोचवण्याची कल्पना व्यवहार्य दिसत नाही. गुणोत्तर मोजणारी स्वयंचलित यंत्रे मोठी आणि महाग असतात, त्यांची रसायने थंड ठेवावी लागतात, दिवसाला दोन-तीन नमुन्यांवर ती परवडत नाहीत, आणि खासगीत या चाचणीसाठी काही हजार रुपये मोजावे लागतात. २०१९ पासून सुरू झालेले बारामतीचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे तिचे नैसर्गिक ठिकाण आहे. इंदापूर, दौंड, बारामती आणि उजनीपलीकडच्या करमाळ्यातून नमुने तेथे गेले आणि निकाल त्याच संध्याकाळी फोनवरून परत आला, तर माणसाऐवजी रक्ताची बाटली प्रवास करील; पण संध्याकाळच्या जागी निकाल चौथ्या दिवशी येणार असेल तर चाचणी न केलेली बरी, कारण या आजारात चार दिवस हा फार मोठा काळ आहे.

या परिसराच्या आणखी दोन वैशिष्ट्यांचा चाचणीशी जवळचा संबंध आहे. पहिले म्हणजे पहिलटकरीण माहेरी जाण्याची पद्धत. प्रीएक्लॅम्पसियाचा धोका पहिल्या खेपेला सर्वाधिक असतो, आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून माहेरी पाठवली जाते तीही पहिलटकरीणच. म्हणजे ज्या आठवड्यांत रक्तदाब चढू लागतो नेमक्या त्याच आठवड्यांत तिचे आरोग्य केंद्र, तिची आशाताई आणि कित्येकदा तिचा जिल्हा बदलतो. तिसऱ्या महिन्यात तिचा रक्तदाब किती होता, हे न कळल्यामुळे नव्या ठिकाणच्या डॉक्टरांना १३०/८६ हा आकडा तिचा नेहमीचा की चढलेला, हे ठरवता येत नाही. दुसरे वैशिष्ट्य उसाचे आहे. इंदापूर आणि बारामती तालुक्यांतील साखर कारखान्यांच्या हंगामात अहिल्यानगर, बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडणीसाठी कोयते, म्हणजे तोडणी कामगारांची जोडपी, येतात, त्यांत गरोदर स्त्रियाही असतात, फडाशेजारच्या कोप्यांत त्यांचे पाच-सहा महिने जातात, आणि गावाकडे झालेली नोंद इकडे उपयोगी पडत नाही. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत आणण्याचा आग्रह मुकादमापर्यंत पोचला, तर त्याचा उपयोग कोणत्याही यंत्राइतका होईल.

रक्तचाचणीचा दुसरा उपयोग याहून आधीचा आहे आणि ग्रामीण भागासाठी कदाचित तोच अधिक मोलाचा ठरेल. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान आईची पूर्वपीठिका, तिचा सरासरी रक्तदाब, सोनोग्राफीवर दिसणारा गर्भाशयाच्या रोहिणीतील प्रवाह आणि रक्तातील पीएलजीएफ यांचा एकत्रित हिशोब केला, तर सदतीस आठवड्यांपूर्वी उद्भवणाऱ्या, म्हणजे अधिक घातक अशा प्रीएक्लॅम्पसियाच्या सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया आधीच ओळखता येतात, अर्थात दर शंभरांत दहा स्त्रियांना विनाकारण इशारा मिळण्याची किंमत मोजून. अशा स्त्रियांना रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दिले, तेव्हा २०१७ च्या ॲस्प्रे या चाचणीप्रयोगात मुदतपूर्व प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. हृदयविकाराच्या रुग्णांच्या घरात असते तीच ही स्वस्त गोळी आहे, पण ती सोळा आठवड्यांच्या आत सुरू झाली तरच वारेच्या घडणीच्या काळात तिचा खरा उपयोग होतो, आणि ती कोणाला द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. डबल मार्कर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तपासणीसाठी अनेक स्त्रियांचे रक्त याच आठवड्यांत घेतले जाते आणि त्याच नमुन्यातून पीएलजीएफही मोजता येते. जेथे तेही शक्य नाही तेथे, भारतीय प्रसूतितज्ज्ञांच्या फॉग्सी या महासंघाने पुढे आणलेली गेस्टोसिस गुणपद्धत उपयोगी पडते. सांगली जिल्ह्यातील डॉ. गोरख मंद्रूपकर यांचा तिच्या रचनेत मोठा वाटा आहे. वय, वजन, पहिली खेप, रक्तक्षय, आधीच्या खेपेचा रक्तदाब अशा प्रश्नांना एक ते तीन गुण देऊन बेरीज तीन किंवा अधिक झाली की त्या स्त्रीला जोखमीची मानायचे, एवढे काम आशाताईही करू शकतात आणि त्याला वेगळी महाग रक्तचाचणीही लागत नाही. यासोबत २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार चौदाव्या आठवड्यानंतर दिल्या जाणाऱ्या कॅल्शियमच्या रोजच्या दोन गोळ्या येतात, ज्या घरोघरी पोचतात पण डब्यातच राहतात, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. बंगळूर आणि टांझानिया येथील मोठ्या अभ्यासात रोजचे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमही १५०० मिलिग्रॅमच्या तोडीचे ठरले, हे २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झाले आहे. गोळ्या कमी झाल्या तर त्या घेतल्या जाण्याची शक्यता वाढेल.

निदान लवकर झाले तरी पुढचे उपचार जवळ नसतील तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो, आणि या बाबतीत मराठी मुलुखाने जगाला काही दिलेले आहे. झटक्यांवर आणि ते टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हे औषध सर्वांत परिणामकारक आहे, हे १९९५ आणि २००२ च्या दोन आंतरराष्ट्रीय प्रयोगांनी सिद्ध केले. त्यांतल्या दुसऱ्या, मॅगपाय नावाच्या प्रयोगात दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या आणि औषध मिळालेल्यांत झटक्यांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी झाले. परंतु या औषधाची रूढ मात्रा अमेरिकेतील डॅलस येथील प्रिचर्ड यांच्या अनुभवावर बेतलेली होती. भारतीय स्त्रीचे वजन कमी असल्यामुळे तिला तेवढी मात्रा जड जाण्याचा धोका असतो, श्वास मंदावण्याची भीती असते आणि त्या भीतीने लहान दवाखान्यांत औषध दिलेच जात नाही, हे ओळखून सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी मात्रेची पद्धत वापरून तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय येथे झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तर असे दाखवले, की गरोदरपणातील तीव्र रक्तदाब शिरेतून औषध न देता, निफेडिपिन, लॅबेटॅलॉल किंवा मिथिलडोपा यांच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनीही बहुसंख्य स्त्रियांमध्ये सहा तासांत आटोक्यात येतो. जेथे शिरेतून औषध देऊन रात्रभर देखरेख करणे कठीण आहे अशा रुग्णालयांसाठी हा निष्कर्ष फार मोठ्या उपयोगाचा आहे, आणि तो सरकारी रुग्णालयांतून आला याचे महत्त्व कमी लेखू नये.

सीमाभागातील अनुभव मात्र उत्साहाला आवर घालणारा आहे. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत, बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकाराने, क्लिप या नावाचा प्रयोग झाला. त्यात आशा आणि नर्सबाई मोबाइलवरील साधनाच्या मदतीने गरोदर स्त्रियांचा रक्तदाब घरी जाऊन मोजत, गरज पडल्यास गोळी आणि मॅग्नेशियमचे इंजेक्शन देत आणि रुग्णालयात पाठवत. माता आणि बाळ यांच्या मृत्यू व गंभीर आजारांत अपेक्षित घट दिसली नाही. भारत, पाकिस्तान आणि मोझांबिक येथील निकाल २०२० मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा ज्या स्त्रियांच्या आठ किंवा अधिक भेटी झाल्या त्यांच्यात धोका कमी आढळला. अधूनमधून झालेल्या एक-दोन मोजण्या, मग त्या कितीही अचूक यंत्राने केलेल्या असोत, पुरेशा पडत नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. गुणोत्तराच्या चाचणीलाही हाच नियम लागू पडतो: तिचा नकार एका आठवड्यापुरता असतो, आणि पुढच्या आठवड्यात रक्तदाब पुन्हा मोजायला कोणी नसेल तर त्या नकाराचे रूपांतर फसव्या दिलाशात होते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात होणारी तपासणी या दृष्टीने उपयुक्त असली, तरी आठव्या-नवव्या महिन्यात महिन्यातून एकदा मोजणे अपुरे आहे. पट्टा योग्य मापाचा असणे, पाच मिनिटे बसवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजणे, आणि प्रीएक्लॅम्पसियात काही स्वयंचलित यंत्रे खरा आकडा कमी दाखवतात म्हणून गरोदरपणासाठी पारखलेलेच यंत्र घेणे, या गोष्टींना पैसा थोडा आणि शिस्त अधिक लागते.

प्रसूती झाली, वार पडली, की धोका संपला अशी समजूत असते. पण झटके प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत आणि क्वचित त्यानंतरही येतात, रक्तदाब सहा आठवड्यांपर्यंत वर राहू शकतो, आणि वार गेल्यावर तिची प्रथिने रक्तातून झपाट्याने उतरत असल्यामुळे गुणोत्तराची चाचणी या काळात फारशी कामाची नसते. त्याहून लांबचा धोका असा, की ज्या स्त्रीला प्रीएक्लॅम्पसिया झाला तिला पुढील आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघात होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असते. रुग्णालयातून घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर बाळाचे वजन आणि टाक्यांची तारीख असते, या धोक्याची नोंद मात्र बहुधा नसते. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींसाठी उपकेंद्रात आणलेच जाते आणि आणणारी बहुतेक वेळा आईच असते. त्या तीन भेटींत तिचाही रक्तदाब मोजून बाळाच्या कार्डावर लिहिला जावा, आणि पुढे दर वर्षी तो मोजून घेण्याची सूचना त्याच कार्डावर असावी.